शेवटचे दोनशे मीटर

आठवीच्या वर्गातला माझा तास संपला की दोन-चार मुलं टेबलाभोवती जमतात. मागच्या महिन्यात त्यातल्या एकाने मोबाइलवरच्या खेळाची तक्रार आणली. अंतराळयान चालवायचं, स्थानकापर्यंत न्यायचं आणि त्याला जोडायचं, असा तो खेळ.

"सर, गेमच खराब आहे. स्टेशन समोर दिसतं. नाक सरळ त्याच्याकडे ठेवून स्पीड वाढवला की यान वर सरकतं आणि स्टेशन पुढे निघून जातं. ऑटोवर टाकलं तर जाऊन धडकतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर वैतागून खेळ फोनमधून काढूनच टाकला होता.

मी भाषेचा मास्तर. यान, कक्षा, वेग हे माझे विषय नव्हेत. पण इतिहास वाचायची खोड आहे. मुलाला "बघतो" म्हणालो आणि वाचत गेलो. कळलं ते असं की या पोराची तक्रार साठ वर्षं जुनी आहे. जगातल्या निवडक वैमानिकांनी ती केली आहे. आणि ज्यांना या वाटेवरून जावं लागलं त्यांच्यातले दोन भारतीय आपल्या पुण्यात, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकून गेले आहेत.

आधी खेळाचीच गोष्ट सांगतो. सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये 'एलिट' नावाचा खेळ बाजारात आला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी लिहिला होता. अंतराळातून माल न्यायचा, विकायचा, चाच्यांशी लढायचं. पण खेळणाऱ्यांचा घाम निघायचा तो स्थानकात शिरताना. स्थानक स्वतःभोवती फिरत असे आणि आत जायला पत्रपेटीच्या फटीसारखं एक अरुंद दार. त्या फिरण्याशी आपलं फिरणं जुळवून आत घुसायचं. जरा चुकलं की यानाच्या ठिकऱ्या. खेळातच 'डॉकिंग कॉम्प्युटर' विकत मिळे, आणि तो घेता यावा म्हणून मुलं व्यापार करून पैसे साठवत. लढाईपेक्षा बंदरात शिरणं अवघड, हे त्या दोन विद्यार्थ्यांनी बरोबर हेरलं होतं.

बंदर हा शब्द मी मुद्दाम वापरला. उर्दूत अंतराळयानाला खलाई जहाज म्हणतात आणि अंतराळवीराला खलाबाज. मराठीत आपण 'यान' म्हणतो, पण समुद्रावरचे आपले शब्द पाहा. जहाज अरबी, बंदर आणि लंगर फारसी. खलाशी तिकडूनच आलेला. कोळी बांधवांचा नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. हे शब्द कुणी लादले नाहीत. माल घेऊन येणाऱ्या माणसांबरोबर ते किनाऱ्याला लागले आणि इथलेच झाले.

या किनाऱ्याला लागणं तेव्हाही सोपं नव्हतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका आहे. आपल्या कल्याण बंदराचाही तिच्यात उल्लेख आहे. भरुचला जाणाऱ्यांना ती सांगते की समुद्री साप दिसू लागले की किनारा जवळ आला असं समजा. आणि पुढे सांगते की भरुचच्या खाडीचं तोंड धोक्याचं असल्यामुळे राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार आपल्या होड्या घेऊन बाहेर येतात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत आत नेतात. म्हणजे अख्खा समुद्र पार करून आलेल्या कप्तानालाही शेवटच्या टप्प्यावर दुसऱ्याचं ऐकावं लागे. आजही मोठं जहाज बंदराजवळ आलं की तिथला पायलट शिडीने चढतो आणि तो सांगेल तसं जहाज आत जातं.

पंधराव्या शतकात अरबी समुद्रावरचा मोठा जाणकार होता अहमद इब्न माजिद. आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमाजवळचं जुल्फार हे त्याचं गाव. वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कालिकतला त्यानेच आणलं, अशी गोष्ट आपल्याकडे अभिमानाने किंवा रागाने सांगितली जाते. अभ्यासक आता ती मानत नाहीत. पण त्याचं मोठेपण त्या गोष्टीवर अवलंबून नाही. त्याने आयुष्यभराची विद्या 'किताब अल-फवाइद' या ग्रंथात मांडून ठेवली: कुठला तारा किती बोटं वर दिसला की आपण कुठे आहोत, किनारा जवळ आल्याच्या खुणा कुठल्या. अरब खलाशांकडे त्या काळी 'कमाल' नावाचं साधं साधन असे. लाकडाची चौकोनी फळी आणि तिला गाठी मारलेली दोरी. दोरीची गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा येतो का ते पाहायचं. हे साधन लक्षात ठेवा, पुढे त्याचा एक नातेवाईक भेटणार आहे.

आता त्या मुलाच्या तक्रारीकडे येऊ. ३ जून १९६५ रोजी अमेरिकेचं 'जेमिनी ४' यान अवकाशात गेलं. ज्या रॉकेटने त्याला वर नेलं त्याचा रिकामा टप्पा जवळच तरंगत होता. कप्तान जेम्स मॅकडिव्हिट याला त्याच्याजवळ यान न्यायचं होतं. तो विमानांचा कसलेला चाचणी वैमानिक. विमानात करतात तसं त्याने नाक लक्ष्याकडे केलं आणि जोर लावला. लक्ष्य जवळ येईना, उलट लांब जाई. जवळपास अर्धं इंधन खर्च झालं आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. यान बिघडलेलं नव्हतं आणि वैमानिकही कच्चा नव्हता.

झालं होतं ते असं. पृथ्वीभोवती फिरणारं यान रस्त्यावरच्या मोटारीसारखं चालत नाही. वेग वाढवला की त्याची कक्षा उंच होते. उंच कक्षेची वाट लांबची आणि तिथली चालही मंद. त्यामुळे पुढच्याला गाठायला ज्याने जोर लावला, तो वर चढतो आणि मागे पडतो. पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक लावून थोडं खाली उतरायचं. खालची वाट आखूड आणि चाल जलद. खालून त्याला गाठत आणायचं आणि मग हळूच वर यायचं. धावायच्या मैदानावर आतली पट्टी धरणारा पोरगा पुढे निघतो, काहीसं तसंच.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा गेम निदान या बाबतीत खराब नव्हताच. बनवणाऱ्यांनी निसर्गाचा नियम इमानदारीने घातला होता आणि मुलांना तो बिघाड वाटत होता.

डिसेंबर १९६५ मध्ये 'जेमिनी ६' हे यान 'जेमिनी ७'पासून हातभर अंतरावर जाऊन पोचलं. तोवर हे गणित हाती आलं होतं. ते गणित मांडणाऱ्यांत बझ आल्ड्रिन होता. यानांची अवकाशात गाठ कशी घालावी यावर त्याने १९६३ मध्ये एमआयटीत प्रबंध लिहिला होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये 'जेमिनी १२'मधून तो स्वतः गेला आणि ऐन वेळी रडारच बंद पडलं. आल्ड्रिनने सेक्स्टंट काढला, म्हणजे कोन मोजायचं खलाशांचं साधन. तक्ते पुढ्यात घेऊन हिशेब केला आणि यान लक्ष्याला जोडलं गेलं. सेक्स्टंट म्हणजे कमालचाच पुढच्या पिढीतला नातेवाईक. दातात दोरी धरणारा खलाशी आणि काचेआडून कोन मोजणारा आल्ड्रिन यांच्यात काळ मोठा गेला, काम मात्र तेच राहिलं.

आता आपल्या माणसाकडे येतो. राकेश शर्मा १९६६ मध्ये खडकवासल्याला दाखल झाले. ३ एप्रिल १९८४ रोजी ते 'सोयुझ टी-११'मधून निघाले आणि दुसऱ्या दिवशी 'साल्युत ७' स्थानकावर पोचले. इंदिरा गांधींनी विचारलेला प्रश्न आणि इक्बालांच्या तराण्यातून आलेलं त्यांचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. आम्ही उर्दूवाले तर ते जरा जास्तच सांगतो. पण त्यांच्याबरोबर यानात कोण बसलं होतं, हे मला स्वतःला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

कप्तान होते युरी मालिशेव. जून १९८० मध्ये 'सोयुझ टी-२' घेऊन ते 'साल्युत ६'कडे गेले होते. नव्या संगणकाची ती माणसांसह पहिलीच परीक्षा. स्थानक साधारण १८० मीटरवर असताना संगणकाने धरलेली वाट सरावातली नव्हती. मालिशेव यांनी सूत्रं हाती घेतली आणि यान स्वतः जोडलं.

दुसरे होते गेन्नादी स्त्रेकालोव. एप्रिल १९८३ मध्ये ते 'सोयुझ टी-८'मधून याच 'साल्युत ७'कडे निघाले होते. उड्डाणात वरचं आवरण निघताना रडारचा अँटेना तुटून गेला. अंतर आणि वेग सांगणारं यंत्रच नाही. कप्तान व्लादिमीर तितोव यांनी नुसत्या नजरेने आणि जमिनीवरून मिळणाऱ्या आकड्यांवर प्रयत्न केला. स्थानक जवळ आलं, पण अंधार झाला आणि आपण फार वेगात आहोत अशी त्यांना शंका आली. त्यांनी यान वळवलं. स्थानक डोळ्यांनी पाहून तिघं रिकाम्या हातांनी परतले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला तितोव आणि स्त्रेकालोव पुन्हा निघाले, तेव्हा रॉकेटने तळावरच पेट घेतला. बचाव यंत्रणेने त्यांची कुपी उचलून सुमारे चार किलोमीटरवर टाकली म्हणून दोघं वाचले.

आणि सहा-सात महिन्यांनी हेच स्त्रेकालोव राकेश शर्मांबरोबर त्याच स्थानकावर पोचले.

या घटनेपाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्या मोहल्ल्यांत दहावीला एकदा गणित राहिलं की किती मुलांची शाळा कायमची सुटते, हे मी दरवर्षी पाहतो. पोरगा गॅरेजला लागतो, पोरीचं लग्न ठरतं. "त्याला जमत नाही" असं घरचे म्हणतात आणि शिक्षकही म्हणतात, त्यात मीही कधी कधी असतो. एका वर्षात दोनदा परत आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा यानात बसवणारे लोक काही दयाळू म्हणून तसं वागले नव्हते. अँटेना तुटला तो माणसाच्या चुकीने नव्हे आणि धोका दिसताच परत फिरणं ही लायकी आहे, हे त्यांना कळत होतं. बिघाड कुठे आहे ते शोधायचं आणि माणूस टाकून द्यायचा नाही, एवढंच त्यांनी केलं.

बिघाड शोधणं मात्र सोपं नसतं. सप्टेंबर १९८८ ची गोष्ट घ्या. अफगाणिस्तानचा अब्दुल अहद मोहमंद 'मीर' स्थानकावर राहून परत निघाला होता. त्याने सोबत कुराण नेलं होतं. त्याच्याबरोबर कप्तान व्लादिमीर ल्याखोव. परतीसाठी इंजिन पेटवायच्या वेळी क्षितिज ओळखणारा सेन्सर गोंधळला आणि संगणकाने इंजिन रोखलं. पुढच्या प्रयत्नात इंजिन पेटलं आणि पुन्हा बंद झालं. कारण निघालं ते विलक्षण होतं. हेच यान जूनमध्ये दुसऱ्या पथकाला घेऊन 'मीर'वर आलं होतं. त्या वेळचा स्थानकाला जोडण्याचा प्रोग्रॅम संगणकाच्या स्मरणात तसाच होता. माणसं घरी निघाली होती आणि संगणकाच्या लेखी यान अजून स्थानकाकडे चाललं होतं. परत 'मीर'ला जावं म्हटलं तर जोडणी करणारा भाग आधीच सोडून दिलेला. अरुंद कुपीत, सोयींशिवाय, एक दिवस दोघं थांबले. ७ सप्टेंबरला इंजिन नीट पेटलं आणि ते उतरले.

आणखी एक घटना सांगतो, कारण तिथे यंत्रापेक्षा माणसांचा हिशेब चुकला. २५ जून १९९७ रोजी 'मीर'वर सात टनांचं 'प्रोग्रेस' मालयान हाताने जोडून पाहायचं ठरलं. स्वयंचलित रडार यंत्रणा युक्रेनमध्ये बनत असे. सोव्हिएत संघ फुटल्यावर ती परक्या देशाची आणि महाग झाली, म्हणून तिच्यावाचून काम भागतं का ते रशियनांना बघायचं होतं. कप्तान वासिली त्सिब्लियेव यांच्यासमोर एक टीव्हीचा पडदा आणि यान चालवायच्या दोन दांड्या. पडद्यावर 'मीर' खालच्या ढगांत मिसळून गेलं होतं. अंतर कळेना, वेगाचा अंदाज येईना. यान स्थानकावर आदळलं, 'स्पेक्त्र' कक्षाला भोक पडलं आणि हवा निसटू लागली. आतल्या तिघांनी केबल कापून त्या कक्षाचं दार बंद केलं, तेव्हा जीव वाचले. थकलेल्या माणसाला अपुरी साधनं देऊन अवघड काम सांगायचं आणि चुकलं की बोट त्याच्याकडे दाखवायचं, हे आपल्यालाही नवं नाही.

आता अगदी कालपरवाचं. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी 'स्पेडेक्स'ची दोन जुळी यानं सोडली, प्रत्येकी साधारण २२० किलोंची. त्यांना एकमेकांना जोडायचं होतं. ७ जानेवारीची तारीख पुढे गेली, कारण अडचणीत माघार कशी घ्यायची याची आणखी तालीम जमिनीवरच्या संगणकांत करायची होती. मग अंतर २२५ मीटरपर्यंत आणताना यान अपेक्षेपेक्षा जास्त सरकलं आणि ९ जानेवारीही गेली. आमच्या शिक्षक-खोलीत कुणीतरी "परत फसलं वाटतं" म्हणालंच. १२ जानेवारीला यानं १५ मीटरवर आली, मग ३ मीटरवर. तिथून ती पुन्हा मागे नेली आणि गोळा झालेली माहिती तपासली. १६ जानेवारीला जोडणी झाली. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे करणारा भारत चौथा देश. तीन मीटरवरून परत फिरायला किती धीर लागत असेल!

त्याच वर्षी २६ जूनला खडकवासल्याचे दुसरे विद्यार्थी शुभांशु शुक्ला ड्रॅगन यानाचे पायलट म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले. ड्रॅगन आपोआप जोडलं जातं. पायलटचं काम नजर ठेवायचं आणि गरज पडली तर थांबवायचं. हे यानही एकदम जात नाही. वाटेत थांबे ठरलेले असतात, ४०० मीटरवर, मग २२० वर, मग २० वर. प्रत्येक ठिकाणी तपासणी होते आणि परवानगी मिळाली तरच पुढे. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटरने धावत असतं. त्याला यान टेकतं ते सेकंदाला काही सेंटीमीटरच्या वेगाने, म्हणजे आपण झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावतो तसं.

स्थानकावर पोचल्यावर आपल्या लोकांपुढे दिशेचा आणखी एक प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर तिथे गेले, तेव्हा रमजान संपत आला होता. दिवसाला पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या मारणाऱ्या घरात किबला कुठे धरायचा? मलेशियातल्या उलेमांनी आधीच बसून मार्गदर्शन तयार केलं. जमल्यास काबा, नाहीतर काब्याच्या वरची आकाशातली सरळ रेषा, तेही नाही जमलं तर पृथ्वी आणि तेही नसेल तर कुठलीही दिशा. जेवढं शक्य तेवढं. चुकीच्या भीतीने नमाजच सोडून द्या, असं कुणी सांगितलं नाही. मला ही यादी इब्न माजिदच्या परंपरेतली वाटते. आपण नेमके कुठे आहोत हे ओळखायचं, हातात काय आहे ते पाहायचं आणि तेवढ्यावर पुढची दिशा ठरवायची.

हे सगळं त्या मुलांना दोन तासांत सांगितलं, अर्थात मराठीच्या तासाची चोरी करून. मग शाळेच्या संगणकावर ड्रॅगन यान जोडायचा खेळ उघडला. ज्या कंपनीचं यान आहे तिनेच २०२० मध्ये तो फुकट ठेवला आहे. पडद्यावरचे आकडे ०.२ च्या खाली आणल्याशिवाय यान जोडलंच जात नाही. तक्रार करणारा मुलगा पहिल्यांदा वेगात गेला आणि धडकला. दुसऱ्यांदा स्थानकाच्या बाजूने निघून गेला. तिसऱ्यांदा मी त्याला म्हणालो, "जवळ आलास की थांब. आकडे बघ. नाही पटलं तर मागे ये." तो मागे आला. मागची मुलं हसली, "घाबरला, घाबरला." त्याने लक्ष दिलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली, डबे उघडले गेले, तरी तो एकेक बोट दाबत बसून होता.

त्या दिवशी त्याचं यान जोडलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तो संगणकाच्या खोलीसमोर उभा होता. मला बघून म्हणाला, "सर, चावी कुणाकडे आहे?"